दातवाल्यांचा वाटा

सोमवार, ४ मार्च

धाकटीस,

अकरा वर्षांनी पत्र लिहिते आहे, त्यामुळे मायना शोधण्यातच अर्धा तास गेला. शेवटी तू जी आहेस तेच लिहिलं.

ख्यालीखुशाली विचारायला हे पत्र नाही. तुझ्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, तू वॉकर घेऊन घरभर फिरतेस आणि व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला रोज रडवतेस, हे सगळं भाची मला फोनवर सांगते. त्याबद्दल तिला बोलू नकोस. मला तुझ्याकडून एक माहिती हवी आहे. काम माझं नाही, दुसऱ्याचं आहे, म्हणून मागायला संकोच वाटत नाही.

१० फेब्रुवारीला, शनिवारी, मी तुमच्या गावी आले होते. विमानाने. तुमच्या गावात विमान उतरतं हे मला माहीत नव्हतं, तुलाही नसेल. गावाबाहेर एक धावपट्टी आहे, तिच्या कडेला पत्र्याची शेड आणि एक कॅन्टीन. बाकी गवत.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त दंतवैद्य राहतात. सगळी इमारत त्यांना दातवाले म्हणते. मीही म्हणते, फक्त तोंडावर डॉक्टर म्हणते. वय एकाहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झाली, पांढऱ्या मिशा, आणि जन्मभर खुर्चीवर वाकून डावा खांदा खाली आलेला. त्यांच्याकडे विमान चालवण्याचा परवाना आहे. पगारी वैमानिकाचा नव्हे, हौशी माणसाचा, खासगी. शनिवारी फ्लाइंग क्लबचं चार खुर्च्यांचं विमान तासाच्या भाड्याने घेतात, कुठे तरी उतरतात आणि परत येतात. भाचीने ऑपरेशनचं कळवलं त्या आठवड्यात मी जिन्यात त्यांना सहज म्हटलं, की तुझ्याकडे यायचं तर बसने नऊ तास, आणि माझे गुडघे नऊ तास दुमडले तर पुन्हा उलगडायचे नाहीत. ते म्हणाले, "मी नेतो. दीड तास. खर्च निम्मा-निम्मा." मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार केला नाही, बॅगच भरली.

निघण्यापूर्वी त्यांनी टाकीत काठी बुडवून इंधन किती आहे ते पाहिलं आणि मग मला वजन विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टर, हे बायकांना विचारतात का?" म्हणाले, "बायकांना नाही हो, विमानाला सांगावं लागतं." मी चार किलो कमी सांगितले. त्यांनी कागदावर सहा वाढवून लिहिले. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघितलेला माणूस.

साडेदहाला उतरलो. त्यांनी टॅक्सी बोलावली, ड्रायव्हरला तुझा पत्ता समजावला आणि "सावकाश या, मी दोनपर्यंत आहे" म्हणाले. मी आले. तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही आणि परतले. तो विषय संपला.

आता गोंधळ ऐक. खासगी परवान्याच्या वैमानिकाला पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. हे मला पटतं. पण बरोबरच्या माणसाकडून खर्चाचा वाटा घेता येतो: इंधन, विमानाचं भाडं, उतरण्याचं शुल्क. दोघं असतील तर निम्मा, तिघं असतील तर तिसरा हिस्सा. वैमानिकाने स्वतःचा वाटा स्वतःच्या खिशातून भरलाच पाहिजे. शिवाय जिथे जायचं तिथे त्याचं स्वतःचं काही काम हवं. नुसता तुम्हाला पोचवायला गेला तर तो टॅक्सीवाला. म्हणजे फुकट नेलं तर चालतं. निम्मे घेतले तर चालतं. सगळे घेतले तर गुन्हा. क्लबच्या फलकावर मी हे चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मला वाटलं, मधली एक ओळ छापायची राहिली आहे.

मी सगळे भरले. मला कोणाचे उपकार नकोत, हे तुला नव्याने सांगायला नको. सोमवारी क्लबच्या ऑफिसात गेले, एकूण खर्च विचारला, तेवढी रक्कम पाकिटात घातली, वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "विमानाचे भाडे, पूर्ण", खाली तारीख आणि सही, आणि पाकीट चिटणीसांच्या टेबलावर ठेवून आले. दातवाल्यांनी क्लबचे सगळे पैसे शनिवारीच भरले होते. माझा निम्मा ते माझ्याकडून सवडीने घेणार होते. चिटणीस नियमाने चालणारा माणूस आहे, माझ्यासारखाच, म्हणून मला आवडला नाही. "भाडे" आणि "पूर्ण" हे दोन शब्द वाचून त्याने पाकीट उघडलंसुद्धा नाही, परवाने देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवून दिलं.

आता दातवाल्यांच्या मागे चौकशी लागली आहे, आणि ती संपेपर्यंत उड्डाण बंद. २२ तारखेला सुनावणी. परवाना वर्षभरासाठी काढून घेऊ शकतात. एकाहत्तराव्या वर्षी वर्षभर खाली बसलेला माणूस पुन्हा डॉक्टरी तपासणी आणि परीक्षा देऊन वर जायचा नाही, हे ते स्वतःच म्हणतात.

त्यांना विचारलं, त्या गावी तुमचं काम काय होतं? त्यांनी लिहून दिलं, "खासगी काम." कसलं, कोणाकडे, साक्षीला कोण, यावर एक अक्षर नाही. नुसते विमानापाशी थांबले होते असंही नाही. परत निघताना कॅन्टीनवाला मला म्हणाला होता, "बाई, तुमच्या मागोमाग साहेबही टॅक्सी करून गावात गेले होते." मग बोलत का नाहीत?

तुमचं गाव लहान आहे. पांढऱ्या मिशा, खाकी टोपी, डावा खांदा खाली. अकरा ते दीडच्या दरम्यान कुठे गेले, कोणाच्या घरी गेले, विचारून कळव. काही भानगड असेल तर तीही कळव. मला धक्का बसत नाही.

उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे. तिकिटाचे पैसे पाठवू नकोस.

ताई

शनिवार, ९ मार्च

धाकटीस,

पाच दिवस झाले, उत्तर नाही. पत्र पोचलं आहे. भाचीने सांगितलं की तू ते उशीखाली ठेवलं आहेस. पत्र उशीखाली ठेवून खुबा बरा होत नाही.

परवा माझा जबाब झाला. चौकशी अधिकारी बाई आहे, भाचीच्या वयाची, केस घट्ट बांधलेले, टेबलावर एकसारख्या टोक केलेल्या सहा पेन्सिली. मला काकू म्हणाली. मी म्हटलं, "मी तुमची काकू नाही, मी साक्षीदार आहे." तिने मान डोलावली आणि पुढचं वाक्य पुन्हा काकूनेच सुरू केलं.

"काकू, 'भाडे' हा शब्द तुम्ही का लिहिलात?"

"कारण ते भाडं होतं."

"डॉक्टरांनी भाडं मागितलं?"

"त्यांनी निम्मे म्हटलं होतं. मी पूर्ण दिले. मला अर्धवट गोष्टी आवडत नाहीत."

"पण काकू, निम्मे दिले असते तर तुम्ही दोघं सोबत निघालेले. सगळे दिलेत, त्यामुळे ते तुमचे ड्रायव्हर झाले."

मी म्हटलं, मी जास्त दिले, चोरले नाहीत. जास्त दिल्याने माणसाची किंमत कमी कशी होते हे मला समजावून सांगा. तिने सांगितलं. मला समजलं नाही. तिने पेन्सिलीने दोन चौकोन काढून सांगितलं. तरीही नाही.

मग तिने कलमाचा छापील कागद पुढे सरकवला. ते कलम मी तपासलेलं आहे. सरकारी छापखान्यात, निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं. कच्च्या प्रतीत "समान वाटा"च्या जागी "सामान वाटा" पडलं होतं, तो काना मी लाल शाईने काढला आणि पान पुढे सरकवलं. तीस वर्षं मी नियम तपासले. वाचला त्यातला एकही नाही. आपल्या शाळेतल्या मदर म्हणायच्या ना, अक्षराकडे लक्ष दे, अर्थ मागोमाग येईल. माझा तर अजून यायचा आहे.

काल जिन्यात दातवाले स्टुलावर उभे राहून बल्ब बदलत होते. मी खालून स्टूल धरलं आणि विचारलं, "डॉक्टर, त्या दिवशी तीन तास तुम्ही केलंत काय?"

"काम होतं."

"कोणाकडे?"

"ओळखीच्यांकडे."

"अहो, मग त्यांचं नाव सांगा ना तिथे. परवाना जाईल तुमचा."

ते वरूनच म्हणाले, "जाऊ दे की, बाई. वर्षभर खाली बसलो तर गुडघ्यांना बरंच आहे." आणि बल्ब पेटला तेव्हा पाहिलं, तर त्यांचा चेहरा अजिबात जाऊ दे म्हणणारा नव्हता. दर शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघणारा माणूस आहे तो. आता तीन शनिवार बनियनवर गॅलरीत बसून आकाशाकडे बघतो.

मला राग कोणाचा येतो आहे तेच कळत नाही. त्यांचा, चिटणीसाचा, की ज्याने ते कलम लिहिलं त्याचा.

एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं, तू झोपली होतीस. ते मला कसं माहीत असणार? दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. मी तुझ्या दाराशी आले नाही. समोर तो बाक आहे ना, तिथे थोडा वेळ बसले. ऊन होतं. मग परत गेले. दातवाल्यांना सांगितलं की भेट झाली, छान झाली. जबाबातही तेच लिहिलं.

हे फक्त तुला माहीत असू दे. त्यांचं काय ते लवकर कळव.

ताई

गुरुवार, १४ मार्च

धाकटे,

तुझं पत्र सकाळी आलं. बारा वेळा वाचलं. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत, यावरून माझी अवस्था ओळख.

तू लिहिलेलं इथे पुन्हा उतरवते, कारण मी बरोबर वाचते आहे ना, याचीच मला खात्री नाही.

"ताई, तुझे दातवाले माझ्याचकडे आले होते. सव्वाअकराला. तुझा चष्मा विमानात राहिला होता तो द्यायला निघाले होते. तू बाकावर बसली होतीस, फाटकाकडे पाठ करून. ते तुझ्या मागे चार पावलांवर येऊन थांबले, बराच वेळ. मग रस्ता ओलांडून त्यांनी माझी बेल वाजवली. म्हणाले, तुमची बहीण बाहेर बसली आहे, तिला हाक मारा. मी म्हटलं, हाक मारून येणारी ती नाही. चहा त्यांनीच केला, मी वॉकर धरून सूचना दिल्या. दीड तास बसले. आम्ही दोघं खिडकीतून तुझ्याकडे बघत होतो. माझी एक दाढ दुखत होती तीही त्यांनी पाहिली. जाताना म्हणाले, मी आलो होतो हे त्यांना कळू देऊ नका, त्यांना आवडणार नाही. तू विचारलंस म्हणून सांगते. ता. क. मी झोपले नव्हते."

दीड तास.

मला वाटत होतं मी दहा मिनिटं बसले. फार तर पंधरा. आणि चष्मा मला सीटवरच मिळाला, परत आल्यावर. मी समजले, तो तिथेच होता.

तुला पायऱ्या उतरता येत नव्हत्या, मान्य. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, मान्य. पण खिडकी उघडता येत होती. खुब्याचा आणि खिडकीच्या कडीचा काय संबंध आहे ते मला सांग. दोन शहाणी म्हणवणारी माणसं चहा पीत एका बाईला उन्हात बसलेली बघतात. त्यांना काय म्हणायचं? तुला काय म्हणायचं? आणि बाकावरच्या त्या बाईला काय म्हणायचं? मी घरून ठरवून आले होते. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. टॅक्सीतून उतरले आणि पहिला शब्द आठवेना. बाकावर बसून शब्द शोधत होते. दीड तास शोधत होते, तर मग तो फारच खोल पडला असणार.

तू आईचं काही लिहिलं नाहीस. तुझे उपकार. मीच लिहिते. आई माझ्याकडे होती त्या दोन वर्षांत तू दर महिन्याला ड्राफ्ट पाठवायचीस आणि मी प्रत्येक ड्राफ्ट "गरज नाही" अशी चिठ्ठी लावून परत पाठवायची. मला वाटायचं, मी तुझ्यावरचा भार हलका करते आहे. खरं सांगायचं तर मला असंही वाटायचं, की आता कोणी म्हणू शकणार नाही. काय म्हणू शकणार नाही, ते आता आठवत नाही. आई गेली त्या दिवशी स्वयंपाकघरात तू मला म्हणालीस, "ताई, तू मला आईची पाहुणी करून टाकलंस." मी म्हटलं, "पाहुण्यांसारखं वागलीस तर पाहुणीच होशील." त्यानंतर आपण बोललो नाही.

आता त्या पेन्सिलवालीचे दोन चौकोन मला दिवसभर दिसत आहेत. सगळे दिलेत, त्यामुळे ते तुमचे ड्रायव्हर झाले. तू स्वयंपाकघरात जे सांगितलंस ते मला अकरा वर्षांत कळलं नाही, आणि सरकारी टेबलावर कळायला लागलं आहे. माझं असंच आहे. सही-शिक्क्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. कळायला लागलं आहे म्हणते, कळलं म्हणत नाही.

एक मात्र स्वच्छ दिसतं आहे. दातवाले गप्प आहेत ते माझ्यामुळे. कोणाकडे गेलात याचं उत्तर दिलं, तर मी बाहेर बाकावर बसले होते हेही तिथे लिहिलं जाईल. तेवढं टाळायला तो माणूस आपलं आकाश सोडून द्यायला निघाला आहे. असे उपकार मी कशाने फेडायचे? पाकिटात बसत नाहीत.

मी त्यांना अजून काही बोलले नाही. दुपारी जिन्यात भेटले. मी म्हटलं, "बल्ब चांगला आहे." ते म्हणाले, "हो, बरा आहे."

तुझी दाढ आता कशी आहे?

ताई

शनिवार, २३ मार्च

धाकटे,

काल सुनावणी झाली. तुझं शिक्क्याचं पाकीट आदल्या दिवशी मिळालं होतं. तुझं प्रतिज्ञापत्र मी पर्समध्ये घालून नेलं, पण आधी स्वतः बोलायचं ठरवलं होतं. क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

खोली लहान, खुर्च्या पाच, पंखा आवाज करणारा. टेबलाच्या पलीकडे ती अधिकारी, अलीकडे दातवाले, चिटणीस आणि मी. दातवाले इस्त्रीच्या शर्टात. माझं पाकीट टेबलाच्या मध्यभागी, अजून न फोडलेलं, "भाडे, पूर्ण" वर तोंड करून.

तिने सुरुवात केली. "डॉक्टर, शेवटचं विचारते. त्या गावी काम काय होतं?"

"खासगी."

मी म्हटलं, "माझ्या जबाबात एक चूक आहे. तो कागद द्या."

तिने कागद दिला. "बहिणीची भेट झाली" या ओळीवर मी रेघ मारली, समासात वगळण्याची खूण केली आणि सही केली.

"काकू, जबाबावर असं खोडता येत नाही."

"खोडायचं कसं हे मला सरकारनेच शिकवलं आहे. पगार देऊन."

मग मी सांगितलं. बाक, ऊन, पाठ, सगळं. दातवाले म्हणाले, "बाई, कशाला?" मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही गप्प बसा. तुम्हाला त्याची सवय आहे." आणि तुझा कागद पुढे ठेवला. तिने तो मोठ्याने वाचला. दाढेची ओळसुद्धा. चिटणीसाने रुमाल काढून तोंडाला लावला.

तिने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे काकू, बहिणीला भेटायला तुम्ही गेलात."

"हो."

"आणि भेटले डॉक्टर."

"हो."

"मग काम कोणाचं झालं?"

चिटणीस घसा साफ करून म्हणाला, "नोंदीप्रमाणे बघितलं तर वैमानिकाचं."

"आणि यांचं?"

मी म्हटलं, "लिहा, काही नाही. उगाच बरोबर आली होती."

तेव्हा दातवाले पहिल्यांदा आपणहून बोलले. "तसं लिहू नका. यांचं काम होतं. अपुरं राहिलं, एवढंच." मग अधिकारी बाईकडे वळून म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, माझं काम म्हणजे दर शनिवारी कुठे तरी उतरायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. सगळे हौशी वैमानिक हेच करतात. मी आधीच ठरवलं होतं की या शनिवारी त्या धावपट्टीवर उतरायचं, यांनी जिन्यात गुडघ्यांचं काढलं त्याच्या आधीपासून. वहीत आहे. चहा कॅन्टीनला प्यायचा तो यांच्या बहिणीकडे प्यायलो."

तिने वही मागवली. खरंच होतं. जानेवारीच्या सुरुवातीलाच १० फेब्रुवारीपुढे लिहिलेलं तुमच्या गावाचं नाव. मी चाट पडले. म्हणजे ते मला न्यायला निघालेच नव्हते. मी त्यांच्या बरोबर गेले होते. इतके दिवस मी स्वतःला पूर्ण भाडं भरणारी बाई समजत होते.

मग तिने पाकीट उचललं. "आता हे. यातले निम्मे डॉक्टरांना, निम्मे तुम्हाला परत. तुम्ही पोचपावतीवर सही केलीत तर हा खर्चाचा वाटा, आणि डॉक्टरांना नुसती ताकीद. नाही केलीत तर हे भाडं. मग परवाना वर्षभर इथे राहील. माझ्याकडे दोन्ही नमुने आहेत."

हसू नकोस, पण तेवढी सही मला जमेना. लाल शाई असती तर जमली असती. दिलेले पैसे परत घ्यायचे म्हणजे ते दिलेच नव्हते असं होतं. चुकीचं बोलते आहे. निम्मे दिले होते असं होतं. निम्म्याने काय होतं? निम्म्याने कोणी मोठं होत नाही. त्या खोलीत मला वाटत होतं की सगळे माझ्याकडे खिडकीतून बघत आहेत, आणि दातवाले मात्र छताकडे, पंख्याकडे, जणू त्याचा बल्ब गेला आहे.

मी सही केली. वळणदार नाही आली.

पैसे मोजून घेतले. मोजायला नको होते, हात सवयीने मोजत होते. बाहेर आल्यावर टॅक्सी केली. उतरताना दातवाले म्हणाले, "निम्मी-निम्मी?" मी म्हटलं, "निम्मी-निम्मी." मीटर विषम आकड्यावर होतं, तर एक नाणं कोणी द्यायचं यावर आम्ही ड्रायव्हरच्या देखत पाच मिनिटं वाद घातला. मी हरले. मी पहिल्यांदाच कोणाला एक नाणं जास्त देऊ दिलं, आणि जिना चढताना मला काय वाटत होतं ते अजून ठरवता येत नाही. राग नव्हता. बाकी काय होतं ते तू ओळख.

आज शनिवार. सकाळी सात वाजता खालचं दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट.

ताई

मंगळवार, २ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ आणि तीत एकही चूक नाही: "पुढच्या वेळी घरात ये आणि जाताना मला थोडे दिवस घेऊन जा." ठीक आहे. डॉक्टरांच्या वहीत १३ तारखेला तुमची धावपट्टी आहे, मी खात्री करून घेतली. जाताना आम्ही दोघं, येताना तिघं. येतानाचा तुझा वाटा एक तृतीयांश. कमी चालणार नाही आणि जास्त तर मुळीच नाही. मला पुन्हा त्या पेन्सिलींसमोर बसायचं नाही. पाकिटावर काही लिहू नकोस. तुझ्या हाडांच्या डॉक्टरांची लेखी परवानगी आण. दातवाल्यांची चालणार नाही, ते फक्त तोंडापुरते डॉक्टर.

आईच्या वेळच्या वाट्याचं तू विचारलेलं नाहीस. मी विचारते आहे. इथे आलीस की बसून ठरवू. तोपर्यंत मला त्यावर काय म्हणायचं आहे ते बहुतेक कळलेलं असेल. नसेल कळलं तर तू सांग, मी या वेळी मधेच उत्तर देणार नाही.

एक अडचण आहे. आमच्या प्रकरणानंतर चिटणीसाने क्लबचा नवा फॉर्म छापून घेतला. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाने नाव, वजन आणि प्रवासाचं कारण स्वतःच्या अक्षरात भरायचं. वजन मी खरं लिहिलं. दातवाल्यांनी कारणाच्या रकान्यात "चहा" लिहून दोन सेकंदांत सही केली. माझा फॉर्म गेल्या मंगळवारपासून टेबलावर पडला आहे. "बहिणीस भेटणे" लिहिलं, ते मागच्या वेळचं वाटलं. "क्षमा" लिहिलं, ते कोणाकडून कोणाला ते कळेना. "घरगुती" लिहिलं, ते दातवाल्यांच्या "खासगी"सारखं झालं. तिन्ही खोडले. खाडाखोड केलेला फॉर्म चिटणीस घेत नाही, मीही घेतला नसता. म्हणून नवा कोरा फॉर्म आणला, नाव आणि वजन भरलं, आणि तो या पत्रासोबत तुला पाठवते आहे.

कारण तू भर. माझ्या अक्षरासारखं अक्षर तुला लहानपणी काढता यायचं, शाळेतल्या ननसुद्धा फसायच्या. मी काही खोडणार नाही, तसाच देईन. रकाना अरुंद आहे, शब्द छोटा निवड.

ताई